द्राक्षाचे ‘नवे वाण’ : एका शब्दाची चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील द्राक्षसंशोधनाविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात ‘नवा वाण’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन यांना नवे वाण म्हटले जाते आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत संकरातून निर्माण झालेल्या एआरआय-516 लाही तेच नाव दिले जाते. वस्तुतः या दोन घटना जैविक दृष्ट्या सर्वस्वी भिन्न आहेत. हा भेद पुसला गेल्यामुळे संशोधनाचे मूल्यमापन सदोष होते आणि बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात बाग उभी करू पाहणाऱ्या शेतकऱ्याची अपेक्षा चुकीच्या पायावर उभी राहते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

काडी आणि बी

द्राक्षवेलीची वाढ दोन मार्गांनी होते. काडीपासून वाढलेला वेल मूळ वेलीचीच प्रत असतो. बियांपासून उगवलेला वेल मात्र दोन पालकांच्या जनुकांची नवी जुळणी घेऊन येतो. द्राक्षात ही विविधता इतकी मोठी असते की, 2007 साली फ्रेंच व इटालियन शास्त्रज्ञांनी द्राक्षाचा जनुकसंच वाचला, तेव्हा त्यांना मुद्दाम अंतःप्रजननाने तयार केलेली वेल वापरावी लागली. एकोणीस गुणसूत्रजोड्या आणि सुमारे तीस हजार जनुके असा हा आराखडा फळपिकांपैकी पहिलाच होता.

डीएनए-चाचणीने हा भेद अधिक स्पष्ट केला. काबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष काबर्ने फ्रां व सोव्हिन्यों ब्लां यांचे अपत्य असल्याचे 1997 साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी सिद्ध केले. याउलट काळे, करडे आणि पांढरे पिनो रंगाने वेगळे दिसत असले, तरी नेहमीच्या डीएनए-चाचणीत ते एकच ठरतात. पहिली घटना नवजन्माची आहे, तर दुसरी एकाच वेलीच्या फांदीवर घडलेल्या बदलाची.

महाराष्ट्राचे योगदान

या कसोटीवर आपले प्रसिद्ध वाण कोठे बसतात? सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात वसंतराव आर्वे यांनी निवडलेले तास-ए-गणेश आणि सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे नानासाहेब काळे यांनी निवडलेले सोनाका ही दोन्ही थॉमसन सीडलेसमधील निवडी होत. माणिक चमनचे मूळही तेच आहे. शरद सीडलेसचे मूळ किश्मिश चोर्नी या काळ्या द्राक्षात असल्याने त्याचे घराणे वेगळे. परंतु तेही निवडीतूनच आले आहे.

या निवडींचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. हजारो वेलींतून एक वेगळी फांदी ओळखणे आणि तिचा गुण पुढील छाटण्यांत टिकतो का, हे तपासणे ही निरीक्षणाची कठोर साधना आहे. लहान बदलाचा परिणाम मोठा असू शकतो, हे प्रयोगशाळेनेही दाखविले आहे. जपानी संशोधकांनी 2004 साली दाखवून दिले की, रंगाचे नियमन करणाऱ्या जनुकाजवळ डीएनएचा एक भटका तुकडा शिरल्यामुळे द्राक्ष पांढरे होते. बीजरहितपणाच्या मुळाशी एका जनुकातील एकाच अक्षराचा बदल असल्याचे 2018 साली स्पष्ट झाले. आपल्या शेतकऱ्यांनी मण्याच्या लांबीत आणि घडाच्या ठेवणीत असेच बदल केवळ डोळ्यांनी टिपले.

निवडीची मर्यादा

तथापि निवडीची मर्यादाही तितकीच खरी आहे. फांदीवरील बदल एखाद-दुसरा गुण पालटतो. उर्वरित जनुकसंच जुनाच राहतो. मण्याची लांबी बदलली, म्हणून केवडा रोगाला तोंड देण्याची शक्ती सामान्यतः येत नाही. केवड्याची बुरशी मूळची अमेरिकेतील. युरेशियातील द्राक्षजाती तिच्या सहवासात घडली नसल्याने त्या जातीत प्रतिकार जवळपास नाही; तो अमेरिकन जातींत आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की, थॉमसनच्या सर्व निवडींना एकाच वेळी धोका संभवतो. नावे अनेक असली, तरी जोखीम एकच असते. शिवाय पाणीटंचाई व क्षारता यांवर उपाय म्हणून ही कलमे बहुतांशी डॉगरिज या एकाच खुंटावर बांधली जातात. म्हणजे जमिनीवर एक घराणे आणि जमिनीखाली दुसरे.

संकर हा यावरील मार्ग असला, तरी तो सुलभ नाही. थॉमसनमध्ये फलधारणा होते, पण भ्रूण पुढे खुंटतो. त्यामुळे अशा वेलीला मादी पालक करावयाचे, तर भ्रूण वेळीच काढून प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. या पार्श्वभूमीवर अमेरिकन वंशाचे कटावबा व ब्युटी सीडलेस यांच्या संकरातून आलेले एआरआय-516 किंवा मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे मांजरी मेडिका यांचे मोल वेगळे आहे. मात्र या दोहोंचा मुख्य उपयोग रसासाठी आहे. खाण्याच्या बीजरहित द्राक्षातील पोकळी त्यांनी भरून निघालेली नाही.

बीडचा संदर्भ

याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या जिल्ह्यात आहे. बालाघाटच्या डोंगररांगांतील सीताफळे बियांपासून आपसूक वाढली. प्रत्येक झाड जनुकीय दृष्ट्या स्वतंत्र असल्याने तेथे निवडीला विस्तृत क्षेत्र उपलब्ध आहे. अंबाजोगाई येथील सीताफळ संशोधन केंद्राने दिलेले धारूर-6 हे अशाच निवडीचे फळ होय. सीताफळात निवड म्हणजे अनेकांतून एक वेचणे. थॉमसनमध्ये निवड म्हणजे एकाचेच बारकावे वेचणे. शब्द एक, अर्थ दोन.

समारोप

मराठी कृषिलेखनाने ‘निवड’ आणि ‘संकरित वाण’ हे शब्द काटेकोरपणे वेगळे वापरावेत आणि प्रत्येक नावापुढे त्याचे मूळ नोंदवावे, असे या विवेचनातून सुचवावेसे वाटते. ही मागणी केवळ परिभाषेच्या शुद्धतेसाठी नाही. मांडव, ठिबक आणि कलमे यांवर कर्ज काढणारा शेतकरी ‘नवा’ या शब्दावर विसंबून निर्णय घेत असतो. त्याला मिळणारी वेल जुन्याच घराण्याची असेल, तर फवारणीचा खर्च आणि पावसाची धास्तीही जुनीच राहील. हे त्याला लागवडीपूर्वी कळणे, हा त्याचा हक्क आहे.