साधन कशाला म्हणायचे?

सातारा-सांगलीकडे इतिहासप्रेमी मंडळांना तोटा नाही. ही माणसे किल्ले चढतात, मोडी वाचतात, वीरगळ उजेडात आणतात. काम कष्टाचे आहे. त्याची टवाळी मला करायची नाही. माझा वाद 'साधन' या शब्दाशी आहे.

१९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. १९२५ साली पारसनीसांच्या संग्रहाचे साताऱ्यात संग्रहालय झाले. १९३९ साली तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. सनदा, बखरी, सरदारांची पत्रे! ज्यांच्या घरी दप्तर, त्यांच्या घरी इतिहास, ही रीत तेव्हाच पडली. गावकुसाबाहेर दप्तर कुठले?

एका मंडळाच्या बैठकीत मी 'फकिरा'चा विषय काढला. उत्तर आले, ती कादंबरी आहे. कबूल. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९५९ साली कादंबरीच दिली, कागद नव्हे. पण बखरीतही कल्पित असते, आणि ती चाळून घेण्याची पद्धत याच मंडळींनी बसवली. मग मांगांच्या हजेरीची आठवण चाळायला चाळणी का मिळू नये? (आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. जयंतीला हार घातला की मोकळे. वाळवे तालुक्यातल्या म्हाताऱ्यांपाशी वही घेऊन किती जण बसले?)

७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव साताऱ्याच्या शाळेच्या पटावर चढले. २०१७ पासून तो दिवस शासन विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. चांगले झाले. पण पुढच्याच वर्षी मसूर स्टेशनावर उतरून गोरेगावला वडिलांकडे निघालेल्या त्या मुलांना गाडीवानाने जात कळताच नाकारले, दुप्पट भाड्यावर गाडी दिली ती मुलांनीच हाकायची, आणि वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. इथे तर कागदही आहे! तरी तो रस्ता स्थानिक इतिहासात का मोजला जात नाही?

प्रतिसरकारचेही (१९४३ ते ४६) तेच. नाना पाटलांचे कुंडल आपण अभिमानाने सांगतो. त्या वर्षांत महारवाड्यात काय चालले होते, हे विचारत नाही.

मंडळांनी एक काम हाती घ्यावे. मसूर ते गोरेगाव वाटेवरचे पाणवठे नोंदवावेत: कोणता कोणाचा होता, वरून पाणी कोण वाढत असे, कोणत्या साली खुला झाला. सोबत १९५८ च्या कायद्याने गेलेल्या कनिष्ठ वतनांचे कागद पाहावेत. ते वाड्यात मिळणार नाहीत. आमच्या वस्तीत, पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिकांच्या खाली शोधावे लागतील.