पाण्यावरच्या कवितेत पाणी कुठंय?

मार्च-एप्रिल आला की आपल्या कवींच्या वह्यांना पूर येतो. तळं, ओंजळ, आग, सूर्य. मग पुन्हा तळं. दहा कवींची नावं झाकून वाचा, कोणती कविता कुणाची ते सांगता येणार नाही. प्रस्थापितांच्या चंद्र-चांदण्यांना आपण शिव्या घातल्या. आता आपला सूर्यही तसाच गुळगुळीत झालाय, हे कुणीतरी बोललं पाहिजे.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडात पाणी उचललं ते तहानेनं नव्हे. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव १९२३ लाच झाला होता. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ ला तळंही खुलं केलं होतं. कागदावर. कागद आणि ओठ यांच्यातलं अंतर तोडलं त्या ओंजळीनं. त्यानंतर स्पृश्यांनी तळं खाजगी असल्याचा दावा लावला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं. ही दहा वर्षं आपल्या कवितेत कुठं आहेत? तारखा, वकील, हेलपाटे? कवी ओंजळीपाशी थांबतो, कारण तिथं टाळी मिळते.

हे पवनानगरात बसून लिहितोय. इथं धरण रोज दिसतं. ह्या पाण्यावर पिंपरी-चिंचवड वाढलं. धरणातून थेट बंद पाइपलाइन नेण्याचं ठरलं, मावळ उठला, आणि ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळ्या घातल्या. तिघं ठार. त्यात एक बाई. त्यावर आपल्यापैकी कितीजणांनी लिहिलं?

पोरं म्हणतात, "तो जमीनवाल्यांचा लढा, आपला काय संबंध?" हे अगदीच खोटं नाही. पण अर्धंच आहे. धरणात जमीन गेली की मोबदला सातबारा बघून मिळतो. राज्याचा पुनर्वसनाचा कायदा १९७६ चा. पवना धरण त्याच्या आधीचं. मग दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्या बाईचं काय बुडालं? तिची मजुरी बुडाली, आणि त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. हे ना जमीनवाल्यांचा पुढारी लिहिणार, ना शहरातला समीक्षक. आपणच नाही लिहिलं तर बोंबलायचं कुणाच्या नावानं? इथून जवळच, कार्ल्याच्या चैत्याच्या दाराशी धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराचं नाव कोरलंय. दोन हजार वर्षांपूर्वी एका कामकऱ्याचं नाव दगडावर चढलं. आज ते सातबाऱ्यावर चढत नाही.

विलास घोगरेंचं काम मला ह्याच अंगानं मोठं वाटतं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं मेली. चार दिवसांनी ह्या शाहिरानं गळफास घेतला, डोक्याला निळं फडकं बांधून. आपण त्या फडक्यावर कविता करतो. त्यांची गाणी मात्र ऐकत नाही. कामगार, झोपडी, पोटाचा हिशेब, सगळं वस्तीच्या तोंडच्या बोलीत. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) तीन तासांहून लांब आहे, काहींना कंटाळवाणा वाटतो. मला नाही वाटला. कॅमेरा गाणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्यांवर थांबतो, आणि गाणं कुणाचं आहे ते त्या चेहऱ्यांवर कळतं. व्यासपीठावरच्या आपल्या कवीला समोरचे चेहरे दिसतात का? त्याचं लक्ष माईकवर.

वामनदादा कर्डक गावोगाव फिरले, माणसांत बसले, तिथल्या शब्दांत गायले. आता जयंतीला डीजेच्या भिंती लागतात. शब्द ऐकू येत नाहीत, छाती तेवढी हादरते. तेव्हा विद्रोहाचा आवाज वाढला म्हणून खूश होऊ नका.

पुढच्या अंकाला कविता पाठवताना मजुरीचा आकडा घाला, टँकर कधी येतो ते घाला, हंडा कुणाच्या दारात अडतो ते घाला. सूर्य पाठवू नका. संपादकांकडं दोन पोती पडून आहेत.