ऊतीचा अहवाल आणि वंशावळ : मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील रेण्वीय चाचण्यांची चिकित्सा

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान सूक्ष्मदर्शकाखाली झाले, की पूर्वी विकृतिशास्त्रज्ञाचे काम बहुतांशी संपत असे. आता त्याच पॅराफिन ब्लॉकमधील ऊतीवर रेण्वीय चाचण्या होतात. केआरएएस वा एनआरएएस जनुकात उत्परिवर्तन आढळल्यास सेटुक्सिमॅबसारखे महागडे औषध निरुपयोगी ठरते. म्हणजे चाचणीने दिलेला नकारही रुग्णाच्या हिताचाच होय.

तथापि या चाचण्यांना केवळ औषधनिवडीचे साधन मानण्याची दृष्टी अपुरी आहे. डीएनएमधील चुका दुरुस्त करणाऱ्या एमएलएच1, एमएसएच2, एमएसएच6 व पीएमएस2 या चार प्रथिनांची इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने होणारी तपासणी विस्तृत जनुकीय चाचणीपेक्षा पुष्कळ स्वस्त असते. त्यांतील एखादे प्रथिन आढळले नाही, तर प्रगत रोगात पेम्ब्रोलिझुमॅबचा विचार करता येतो. अमेरिकेत 2020 मध्ये त्यास प्रथमोपचार म्हणून मान्यता मिळाली. परंतु त्याच निष्कर्षातून लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकाराची शंकाही उद्भवते. एमएलएच1 नसल्यास मात्र आधी बीआरएएफ जनुक वा मिथिलेशन तपासणे अगत्याचे आहे, कारण तो अभाव बहुधा आनुवंशिक नसतो. ही पायरी गाळणे म्हणजे कुटुंबावर नाहक भीती लादणे होय.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील रुग्णांचा जो आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सरासरी वय पन्नाशीच्या आत होते. या पार्श्वभूमीवर आनुवंशिकतेचा प्रश्न गौण मानता येत नाही.

कोल्हापुरात काढलेली ऊती पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवली जाते, तेव्हा तिचे भवितव्य शस्त्रक्रियागृहातच ठरलेले असते. दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये ती साधारण 6 ते 72 तास राहावी लागते. तेथे हयगय झाल्यास पुढील अद्ययावत यंत्रही हतबल ठरते.

याहून मोठी उणीव अहवालानंतरची आहे. लिंच सिंड्रोमचा दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता 50 टक्के असते, मग तो मुलगा असो वा मुलगी. आपल्याकडे वंशावळ मांडली जाते ती बहुधा जमिनीच्या वाटणीसाठी, आणि तीत माहेरच्या लेकी क्वचितच दिसतात. नियमित कोलोनोस्कोपीत गाठी कर्करोग होण्यापूर्वीच काढता येतात. परंतु निपाणीला नांदणाऱ्या बहिणीला हे कोणी कळवावे, यासाठी इंग्रजी अहवालात रकाना नसतो.