नावं गाळलेला अहवाल

मागच्या वर्षीपर्यंत मी बातम्यांच्या एका अ‍ॅपवर काम करत होतो. माझ्याकडच्या कामांत एक छोटंसं लेबल होतं: ‘प्रायोजित’. पैसे घेऊन लावलेला मजकूर बातम्यांच्या रांगेत येतो तेव्हा त्याच्या डोक्यावर हा शब्द दिसतो. एका सोमवारी तिकीट आलं. लेबलचा रंग फिका करा, अक्षर थोडं लहान करा, निम्म्या लोकांना जुनं लेबल दाखवा आणि निम्म्यांना नवं. दोन आठवड्यांनी आकडे आले. फिकं लेबल पाहणाऱ्यांनी जास्त क्लिक केलं होतं. मग तेच सगळ्यांना लागू झालं. शब्द कुणी काढला नव्हता. नियमाप्रमाणे तो असायला हवा होता आणि होताही. फक्त बसमध्ये, उन्हात, ब्राइटनेस कमी ठेवून स्क्रोल करणाऱ्याला तो दिसत नव्हता.

बदल दोन ओळींचा होता आणि त्या दोन ओळी मी लिहिल्या. तेव्हा काही वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. वाटायला लागलं ते काही महिन्यांनी, एक जुना सरकारी छापाचा अहवाल वाचताना. हा लेख त्या अहवालाबद्दल आहे. तो वाङ्मय नाही हे मला माहीत आहे, पण मराठी वर्तमानपत्रांबद्दल इतकं सरळ लिहिलेलं मी दुसरीकडे फारसं वाचलेलं नाही.

आधी थोडी पूर्वपीठिका, कारण तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा माझ्यासारखेच शाळेत असतील. 13 ऑक्टोबर 2009 रोजी महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान झालं. अशोक चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते आणि नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून उभे होते. निवडणुकीच्या काळात त्यांच्या कामगिरीवर पानंच्या पानं छापून आली. ‘अशोक पर्व’ हे नाव त्यातूनच गाजलं. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये त्यावर लिहिलं. त्यांच्या हाती अशी 47 पूर्ण पानं होती, त्यांतली बरीच रंगीत. त्यांनी दाखवलेली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तरुण, तडफदार नेतृत्व अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक लेख ‘लोकमत’, ‘पुढारी’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ या एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत शब्दशः एकसारखा आला होता.

आम्हा कोडवाल्यांकडे ‘डिफ’ नावाची एक आज्ञा असते. दोन फाइली द्या, कुठल्या ओळीत काय वेगळं आहे ते ती दाखवते. फाइली सारख्याच असतील तर ती काहीच छापत नाही. नवख्या माणसाला वाटतं, आज्ञा चाललीच नाही. साईनाथांनी हाच डिफ हातानं चालवला होता. तीन पेपर, तीन संपादक, तीन छापखाने आणि फरक शून्य. तीन वार्ताहरांना एकच मत सुचू शकतं. स्वल्पविरामासकट एकच परिच्छेद सुचत नाही.

याची दुसरी बाजू निवडणूक खर्चाच्या हिशेबात होती. चव्हाणांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवर 5,379 रुपये आणि केबलवरच्या जाहिरातींवर 6,000 रुपये खर्च दाखवला होता. पानांसाठी पैसे दिल्याचं त्यांनी नाकारलं आणि तसा व्यवहार सिद्धही झालेला नाही. प्रकरण आयोग आणि कोर्टांतून फिरत राहिलं. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं, उमेदवारानं दिलेला हिशेब खरा आहे का हे तपासण्याचा आयोगाला अधिकार आहे असं सांगितलं. जुलैत आयोगानं चव्हाणांना नोटीस काढली, सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं ती रद्द केली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं ते सुटले, आणि तसं लिहायलाच हवं. पण या पाच वर्षांत प्रश्न सतत उमेदवाराच्या वहीबद्दल विचारला जात होता. पेपरच्या वहीत काय होतं, हे कुणी या जोरानं विचारल्याचं मला दिसलं नाही.

ते विचारण्याचा प्रयत्न ज्या एका कागदात झाला, तो हा अहवाल. प्रेस कौन्सिलनं पेड न्यूजच्या चौकशीसाठी दोन सदस्यांची उपसमिती नेमली: परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी. दोघंही पत्रकार. त्यांनी दिल्ली, मुंबई, हैदराबाद इथे लोकांचं म्हणणं ऐकलं आणि 2010 मध्ये सत्तरहून जास्त पानांचा अहवाल दिला.

वाचायला तो सोपा नाही. दुसऱ्यांच्या लेखांचे लांबलचक उतारे आहेत, तेच मुद्दे पुन्हा येतात, आणि कुणी तरी एकदा नीट संपादन करायला हवं होतं असं दर चार पानांनी वाटतं. पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही: नावं. कुठला पेपर, कुठला उमेदवार, आरोप कुणी केला, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचं उत्तर काय. आंध्रातल्या पत्रकारांच्या संघटनेनं पश्चिम गोदावरी जिल्ह्यात केलेली पाहणी त्यात आहे. कंपन्यांचे शेअर घेऊन त्यांना जाहिरातीची जागा देणाऱ्या ‘प्रायव्हेट ट्रीटी’ कराराबद्दलही आहे. पेपरच ज्या कंपनीचा भागधारक, तिच्याबद्दलची बातमी वाचकानं कशी वाचायची? सेबीनंही याबद्दल 2009 मध्ये कौन्सिलला लिहिलं होतं.

या अहवालातलं सगळं पुराव्यानिशी सिद्ध आहे असं मी म्हणणार नाही. पाकिटाची पावती कुणी देत नाही, त्यामुळे बराचसा भाग सांगोवांगीवर उभा आहे आणि तेवढ्यापुरता तो कच्चाच आहे. पण खुलासा शेजारीच छापलेला असल्यामुळे कुणावर किती विश्वास ठेवायचा ते मला ठरवता येतं. वाचक म्हणून मला एवढंच हवं असतं.

30 जुलै 2010 रोजी कौन्सिलनं जो अहवाल स्वीकारला, तो मात्र हा नव्हता. तो जेमतेम बारा-तेरा पानांचा होता. उपसमितीचा अहवाल संदर्भासाठी दप्तरी राहील, एवढी त्याची दखल. पुढे माहिती अधिकारात अर्ज झाला आणि केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर 2011 मध्ये मूळ अहवाल लोकांसमोर आला.

दोन्ही शेजारी ठेवून वाचले. भाषा म्हणून छोटा अहवाल बरा आहे: आटोपशीर, सभ्य. त्यातली व्याख्याही चांगली आहे: रोख किंवा वस्तुरूपात मोबदला घेऊन कुठल्याही माध्यमात येणारी बातमी किंवा विश्लेषण म्हणजे पेड न्यूज. शिफारशीही योग्य आहेत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 मध्ये बदल करून हा निवडणुकीतला गैरप्रकार ठरवावा, टीव्हीलाही कौन्सिलच्या कक्षेत आणावं, वगैरे. फक्त सत्तर पानांतली माणसं आणि पेपर त्यातून निघून गेले आहेत. रोग आहे, लक्षणं आहेत, औषधही सुचवलंय. रोगी नाही.

आणि वाचता वाचता मला ते लेबल आठवलं. पेपरांनी ‘जाहिरात’ हा शब्द गाळून जाहिरातीला बातमी केलं, अशी तक्रार होती. ती तपासणाऱ्या संस्थेनं नावं गाळून तपासाला निबंध केलं. तंत्र एकच. खोटं काहीच लिहायचं नाही, फक्त ज्या शब्दामुळे वाचक थांबला असता तो काढायचा.

हे का झालं असेल, याचं उत्तर फार खोल नाही. प्रेस कौन्सिल 1978 च्या कायद्यावर चालते. अध्यक्ष सोडून 28 सदस्य. त्यांत 13 श्रमिक पत्रकार आणि संपादक, सहा जण वृत्तपत्रांचे मालक किंवा व्यवस्थापनातले, शिवाय पाच खासदार. (साहित्य अकादमीचाही एक प्रतिनिधी असतो, हे मला नव्यानंच कळलं. त्यानं या दोन अहवालांच्या शैलीबद्दल काही म्हटलं होतं का, हे वाचायला आवडलं असतं.) या संस्थेला दंड करता येत नाही. ताकीद द्यायची, कानउघाडणी करायची, निषेध नोंदवायचा, बस. म्हणजे नाव घेणं हीच तिची एकमेव शिक्षा आहे. तीच तिनं वापरली नाही.

उत्तर प्रदेशात जे झालं ते याच्याशी ताडून बघा. आमदार उमलेश यादव यांना पेड न्यूज प्रकरणात निवडणूक आयोगानं 2011 मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. देशातली अशी पहिलीच कारवाई. तो मजकूर छापणाऱ्या दोन दैनिकांनाही कौन्सिलनं दोषी धरलं होतं. उमेदवाराची आमदारकी गेली. दैनिकं दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी निघाली.

आता आमच्या घरची गोष्ट. आमचा तालुका नांदेडपासून लांब नाही. मामा एकदा नगरपालिकेला अपक्ष उभा राहिला होता. तालुक्याच्या पेपरवाल्याचं काम तुम्हाला ठाऊक असेल: तोच बातम्या पाठवतो, तोच जाहिराती गोळा करतो आणि जाहिरातीच्या कमिशनवरच त्याचं घर चालतं. तो मामाकडे आला, चहा प्यायला आणि ‘पॅकेज’ सांगून गेला. एक मुलाखत, प्रचारफेरीच्या दोन बातम्या, फोटोसह. मामानं नाही म्हटलं. तत्त्व वगैरे काही नव्हतं, तेवढे पैसे नव्हते. त्यानंतर मतदानापर्यंत त्या पेपरात मामाचं नाव एकदाही आलं नाही.

आजोबा निवृत्त शिक्षक. सकाळी पेपर पहिल्या पानावरच्या तारखेपासून वाचायला सुरुवात करायचे. मतदानाच्या दोन दिवस आधी त्यांनी चष्मा काढून मामाला विचारलं, “काय रे, पेपरात तर तुझं काहीच नाही. खरंच उभा आहेस ना?” मामा हसला. पोरगा रोज संध्याकाळी पत्रकं वाटून घरी येत होता, तळपायाला फोड आले होते, आणि बाप पेपर बघून विचारत होता.

पेड न्यूजबद्दल बोलताना आपण छापून आलेल्या पानांबद्दल बोलतो, कारण ती दाखवता येतात. मला न छापलेलं जास्त भयंकर वाटतं. डिफला दोन फाइली लागतात. मामाची फाइल नव्हतीच. त्याचा पुरावा साईनाथांना मिळाला नसता, उपसमितीला मिळाला नसता, मलाही आज देता येत नाही. त्या पेपरवाल्याचा मला फार राग येत नाही. पगार न देता माणूस नेमायचा आणि त्याच्याकडून सचोटीची अपेक्षा करायची, ही मुख्य कार्यालयाची हुशारी होती. मोठ्या अहवालातही यावर पुरेसं नाही. पत्रकारांना नीट नोकरी आणि पगार असल्याशिवाय हे थांबणार नाही असा सूर आहे, पण तालुक्याच्या चहाच्या टपरीपर्यंत तो पोहोचत नाही. दिल्ली-मुंबई-हैदराबादऐवजी ते भोकरला जाऊन आठ दिवस बसले असते तर वेगळा अहवाल झाला असता.

पुढे काय झालं ते थोडक्यात. 2013 मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं या विषयावर अहवाल दिला. 2015 मध्ये विधी आयोगानं आपल्या 255 व्या अहवालात पुन्हा पेड न्यूजला गुन्हा ठरवायला सांगितलं. निवडणुकीच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत माध्यमांवर लक्ष ठेवणाऱ्या समित्या बसतात. कलम 123 आहे तिथेच आहे. गंमत म्हणजे जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेनं 2021 मध्ये इन्फ्लुएन्सर लोकांसाठी नियम काढले: पैसे घेतले असतील तर रीलवर तसं स्पष्ट, सहज दिसेल असं लिहा. फेसवॉश विकणाऱ्या पोरीला लेबल कुठे आणि कसं लावायचं हे बारकाईनं सांगितलेलं आहे. ते नियम वाचताना मला माझा फिका राखाडी रंग आठवत होता.

आमच्याकडे आणखी एक आज्ञा असते, तिचं नाव ‘ब्लेम’. फाइल दिली की प्रत्येक ओळीपुढे ती लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख येते. नाव भांडखोर आहे, पण रोजच्या वापरात तिचा अर्थ एवढाच की या ओळीबद्दल कुणाला विचारायचं ते कळावं. मोठा अहवाल मला असा वाटला. छोट्या अहवालात ओळी आहेत, पुढचा रकाना कोरा आहे.

ती नोकरी मी सोडली, पण या कारणासाठी नाही. दुसरीकडे पगार जास्त मिळाला. गेल्या महिन्यात हा लेख लिहायला घेतला तेव्हा जुन्या टीममधल्या एकाला मेसेज केला, ते लेबल अजून तसंच आहे का? तो म्हणाला, आता आणखी लहान झालंय, आणि वाक्याच्या शेवटी गेलंय. मग त्यानं विचारलं, मूळ बदल कुणी केला होता रे, आठवतंय? आणि मी काही लिहायच्या आत त्याचाच पुढचा मेसेज आला. त्यानं ब्लेम चालवून बघितलं होतं. माझं नाव, तारीख, आणि शेजारी मी लिहिलेलं बदलाचं वर्णन: “किरकोळ दुरुस्ती.”