सोंग आणि नाव

विनोदी नटाचे चित्र काढायचे ते कोणाचे? त्या माणसाचे, की त्याने घेतलेल्या सोंगाचे? सतराव्या शतकाच्या अखेरच्या एका युरोपीय छापचित्राने या प्रश्नाला दिलेले उत्तर तमाशाच्या मुलखातील आपण वाचकांनी समजून घ्यावे, असे आम्हांला वाटते.

चित्र आंजेलो कोस्तान्तीनी या इटालियन नटाचे आहे. पॅरिसच्या इटालियन मंडळीत तो मेझेतीनो या लबाड नोकराचे सोंग करी. फ्रांस्वा द त्र्वा याने त्याला रंगवले आणि कॉर्नेलिस फेर्म्युलन याने ते चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरले. पोशाख सोंगाचाच आहे. पण मुखवटा चेहऱ्यावर नाही, हातात आहे. खाली नटाचे नाव आणि ला फोंतेनच्या ओळी आहेत. प्राण्यांच्या बोधकथा लिहिणारा हा कवी येथे नटाला रूपे पालटणाऱ्या ग्रीक देवाची उपमा देतो.

चित्राची मर्यादा उघड आहे. विनोदी नटाचे सारे बळ त्याच्या हालचालीत आणि हजरजबाबात असते. येथे तो सरदारासारखा शांत आहे. पाहून हसू येत नाही. तरीही त्याचे मोल कमी होत नाही. १६९७मध्ये चौदाव्या लुईने इटालियन मंडळीचे नाट्यगृह बंद केले. छापाच्या प्रती मात्र उरल्या, आणि त्यांत माणूस, त्याचे सोंग व त्याचे नाव ही तिन्ही एकत्र उरली.

आता आपल्याकडे पाहू. पश्चिमेला आहुप्याचा कडा आणि पूर्वेला पुणे-नाशिक रस्ता, असा हा जुन्नर-आंबेगावचा पट्टा. याच रस्त्यावर नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. फलकावर मोठे नाव फडमालकाचे असते. गण-गवळणीनंतर बतावणीत गावाला हसवणारा सोंगाड्या बहुधा ‘सोंगाड्या’ म्हणूनच लक्षात राहतो. ‘गाढवाचं लग्न’मधील सावळ्या कुंभार रंगवणारे दादू इंदुरीकर याला अपवाद. त्यांना १९७३चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. असे अपवाद थोडेच.

शाहिरांनी यावर आपला उपाय शोधला होता. पेशवाईच्या उत्तरकाळातील सगनभाऊ मुसलमान, धंद्याने शिकलगार. त्यांची लावणी त्यांची म्हणून आपण ओळखतो, ती शेवटी गुंफलेल्या त्यांच्या नावामुळे. ते नाव हीच त्यांची तसबीर. सोंगाड्याला ही सोय नाही. त्याचे बोलणे ऐनवेळचे. ते कागदावर उतरत नाही, आणि त्यात नाव गुंफायला शेवटची ओळही नसते.

म्हणून त्याच्या बाबतीत चित्राची जबाबदारी वाढते. आज जत्रेत प्रत्येकाच्या हाती कॅमेऱ्याचा मोबाईल आहे. चित्रांचा तुटवडा नाही, तुटवडा आहे तो नावांचा. आपल्या विशेषांकांतही ‘तमाशातील एक कलावंत’ एवढ्यावर भागवले जाते. ही कलावंताची उपेक्षाच होय. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या कोरक्याने जे पाळले तेवढे आपणही पाळावे: छायाचित्राखाली सोंगाचे नाव द्यावे, फडाचे द्यावे, आणि त्याआधी माणसाचे द्यावे.