शब्द न कळलेली तीन गाणी

केबलची वायर आमच्या गल्लीत आली ती १९९२ साली. मी तेव्हा अकरावीत होतो. दूरदर्शनच्या जोडीला स्टारच्या वाहिन्या दिसू लागल्या, त्यांत एमटीव्ही होतं. १९९४ मध्ये त्याची जागा चॅनल व्हीनं घेतली. या वाहिन्यांवर लागणारी इंग्रजी गाणी मी आणि दाजी पेठेतला माझा एक मित्र कोऱ्या कॅसेटवर भरून घेत असू. टेपरेकॉर्डर टीव्हीसमोर ठेवायचा आणि गाणं संपेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही, असा तो उद्योग. आमच्या घरी भरलेल्या गाण्यांत कुकरच्या शिट्ट्या आहेत. मित्राच्या घरी भरलेल्या गाण्यांमागे खालच्या मजल्यावरच्या यंत्रमागांची खटखट आहे.

या संगीताला ‘अल्टर्नेटिव्ह रॉक’ म्हणतात हे फार उशिरा कळलं. अमेरिकेत ते पर्यायी ठरलं, कारण आधीच्या दशकातल्या चकचकीत, केस फुगवलेल्या रॉकशी त्याचं भांडण होतं. आम्ही तो आधीचा रॉक ऐकलाच नव्हता. शिवाय ‘निर्वाणा’ या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा १९९१ चा अल्बम जानेवारी १९९२ मध्ये मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला खाली ढकलून बिलबोर्डच्या यादीत पहिला आला होता. म्हणजे आमच्यापर्यंत पोचेतो पर्याय हाच मुख्य प्रवाह झालेला होता. बँडचं नाव तर आम्ही सरळ ‘निर्वाण’ असंच वाचलं आणि ही मंडळी बौद्ध असावीत असं काही दिवस समजून चाललो.

इंग्रजी आम्हांला बेताची येत होती. गाण्यातली इंग्रजी त्याहून कमी कळायची. पण शब्द न कळता गाणं ऐकणं ही सोलापुरात नवलाची गोष्ट नाही. घरात मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात कन्नड आणि पलीकडच्या मोहल्ल्यात उर्दू, अशा गावात माणूस अर्धवट कळणारं पुष्कळ ऐकत मोठा होतो. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत अक्षता सोहळा होतो. तिथे वाचली जाणारी संमती शब्दशः कळणारी माणसं गर्दीत थोडीच असतील. तरी अक्षता नेमक्या क्षणी पडतात. कानाला वळण असतं, शब्दकोश लागत नाही, असं मी पुष्कळ वर्षं अभिमानानं सांगत आलो. तो अभिमान कितपत खरा, हे मला इथे तीन गाण्यांच्या आधारे तपासायचं आहे.

*

पहिलं गाणं ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’. कर्ट कोबेन शब्द चावून, ओढून, मध्येच गिळून गातो. ही अडचण फक्त आमची नव्हती. ‘नेव्हरमाइंड’च्या वेष्टनावरही गाण्यांचे पूर्ण शब्द नव्हते, तुटक ओळी तेवढ्या छापल्या होत्या. शीर्षकातला ‘टीन स्पिरिट’ हा एका डिओडोरंटचा ब्रँड होता आणि गाणं लिहिताना खुद्द कोबेनला ते ठाऊक नव्हतं. एका मैत्रिणीनं भिंतीवर थट्टेनं लिहिलेल्या वाक्यात त्याला क्रांतीची हाक ऐकू आली. अर्थात, शब्द चुकीचा समजून पुढे निघालेला पहिला श्रोता तोच.

मग आम्ही काय ऐकलं? मी त्या काळी पेटी शिकत होतो. एका दुपारी या गाण्याची गिटार पेटीवर बसवायला घेतली. चार मुक्कामांचं चक्र आहे: षड्ज, मध्यम, कोमल गांधार, कोमल धैवत. रॉकमधला ‘पॉवर कॉर्ड’ म्हणजे मूळ स्वर आणि त्याचा पंचम, एवढंच. म्हणून मी प्रत्येक मुक्कामाला त्याचा पंचम जोडला. मध्यमाला वरचा षड्ज मिळाला, कोमल गांधाराला कोमल निषाद, कोमल धैवताला पुन्हा कोमल गांधार. पेटी शिकवणारे काका आतून ओरडले, “मालकंसात पंचम कुठून आणलास रे?”

काकांचा कान बरोबर होता. पहिल्या कॉर्डमधला पंचम सोडला, तर त्या चक्रातले सगळे स्वर मालकंसाचे आहेत. यावरून ते गाणं मालकंसात आहे असं म्हणणं हास्यास्पद होईल. राग स्वरांच्या यादीनं होत नाही, चलनानं होतो. आणि मालकंसात पंचम इतका वर्ज्य की तंबोरासुद्धा मध्यमात मिळवतात. मुद्दा वेगळा आहे. पॉवर कॉर्डमध्ये गांधार नसतो, त्यामुळे त्या त्या कॉर्डपुरतं आनंदी की उदास, हे गिटार ठरवत नाही. ते काम गळ्यावर सोडलेलं असतं. षड्ज-पंचमाच्या भरीव आधारावर गळ्याला मोकळं सोडणं ही तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाची जुनी ओळख आहे. कोबेनचा आवाज कडव्यात पुटपुटतो आणि ध्रुवपदात फाटतो. अर्थ त्या फाटण्यात होता, आणि तो आमच्यापर्यंत पोचला होता. इथे कान जिंकला.

*

दुसरं गाणं ‘आर. ई. एम.’चं ‘लूझिंग माय रिलिजन’, १९९१ चंच. यात गिटारऐवजी मेंडोलिन पुढे आहे. सोलापूरच्या तेलुगू घरांना मेंडोलिन परकं नव्हतं. आंध्रच्या पालकोल्लूचे यू. श्रीनिवास त्यावर कर्नाटक संगीत वाजवत. मित्राच्या वडिलांनी आमच्या कॅसेटमधलं एवढंच एक गाणं मागाखालून वर येऊन ऐकलं होतं.

शीर्षकावरून आम्ही ठरवून टाकलं की हे धर्मावरचा विश्वास उडालेल्या माणसाचं गाणं आहे. डिसेंबर १९९२ नंतरचे ते दिवस होते. सतरा वर्षांच्या दोन मुलांना असं गाणं हवंच होतं. प्रत्यक्षात हा अमेरिकेच्या दक्षिणेतला वाक्प्रचार आहे. आपण ‘माझा संयम सुटला’ किंवा ‘अगदी टेकीला आलो’ म्हणतो, तसा. गाणं आहे एकतर्फी ओढीचं. आपण जास्त बोललो की कमी, याची मनातल्या मनात उजळणी करत बसणाऱ्या माणसाचं.

आमचं वाचन चुकलं, पण अगदी हवेत नव्हतं. या गाण्याची चित्रफीत जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंग यांनी केली. तिला १९९१ चा एमटीव्हीचा सर्वोत्तम चित्रफितीचा पुरस्कार मिळाला. पंख असलेला म्हातारा, बाणांनी विंधलेला संत आणि आपल्याकडच्या कॅलेंडरांवर असतात तशा देवता, असं सगळं त्यांनी तिच्यात आणलं. शीर्षकातला शब्दशः अर्थ दिग्दर्शकानंच डोळ्यांपुढे मांडला होता. तरीही त्या नादात आमच्या हातून निसटली ती गाण्याची खरी गोष्ट: एका संकोची माणसाची फजिती. आम्ही मोठा विषय ऐकला आणि लहान माणूस ऐकला नाही. मराठी समीक्षेलाही ही खोड आहे, असं मला आता वाटतं.

*

तिसरं गाणं ‘क्रॅनबेरीज’चं ‘झॉम्बी’, १९९४ चं. १९९५ च्या सुरुवातीला आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी आणि मित्र या गाण्यावर नाचलो. चेहऱ्याला पांढरा रंग, हात पुढे करून भुतांसारखी चाल. पहिलं बक्षीस मिळालं.

२० मार्च १९९३ रोजी इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन गावी बाजारात कचरापेट्यांत ठेवलेले बॉम्ब फुटले. आयरिश रिपब्लिकन आर्मीनं ठेवलेल्या त्या बॉम्बनी तीन आणि बारा वर्षांच्या दोन मुलांचा जीव घेतला. त्यावर डोलोरेस ओ’रिऑर्डन या आयरिश मुलीनं हे गाणं लिहिलं. त्याच्या आठच दिवस आधी, १२ मार्चला, मुंबईत बॉम्बस्फोट झाले होते. त्यात मित्राचा मामा गेला होता.

शब्द कळले नाहीत, ही सबब इथे चालत नाही. सॅम्युअल बेयर यांनी केलेल्या चित्रफितीत बेलफास्टचे रस्ते, बंदूकधारी सैनिक आणि खेळणारी मुलं स्पष्ट दिसतात. ‘टीन स्पिरिट’ची चित्रफीतही त्यांचीच. आम्ही ते सगळं पाहिलं होतं आणि भुतंच पाहिली. कानानंही इथे दगा दिला. या गाण्यात चार कॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच राहतात. पाय धरायला यापेक्षा सोपं काही नाही. पण गाणं १९१६ पासून तेच ते चाललंय असं सांगतं, आणि न बदलणारं चक्र हाच त्याचा आशय आहे. ज्याला आम्ही ठेका समजलो, ती तक्रार होती. आवाज मध्येच तुटून वर जातो, तो मयतावर रडणाऱ्या बायकांच्या हेलासारखा. तो हेल आमच्या पेठांतही ऐकलेला होता. तरी ओळखला नाही.

जानेवारी २०१८ मध्ये डोलोरेस वारली तेव्हा तिच्यावर आलेल्या लेखांतून मला वॉरिंग्टनची हकिगत कळली. दोन दिवस मी अस्वस्थ होतो. मग मित्राला फोन केला, तारखा सांगितल्या, त्या नाचाबद्दल वाईट वाटतं म्हणालो. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “तेव्हा कळलं असतं तर नाचलो नसतो की बे. मामा गेल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा नाचलो होतो मी.”

या लेखाचा निष्कर्ष मी तोवर मनाशी ठरवला होता: आवाज बरंच सांगतो, पण शब्दाची जबाबदारी टाळता येत नाही. समीक्षक म्हणून मी आजही त्यावर ठाम आहे. गाण्यानं ज्यांची नावं मनात धरली आहेत, त्यांच्यापर्यंत श्रोत्यानं पोचायला हवं. मात्र मित्राचं वाक्य या निष्कर्षात बसत नाही, आणि ते बसवण्याची कारागिरी मला करायची नाही. न कळल्यामुळे एका मुलाला एक संध्याकाळ मिळाली, हीही त्या गाण्याच्या सोलापुरातल्या इतिहासातली नोंद आहे.

ती कॅसेट अजून त्याच्याकडे आहे. माग विकून बरीच वर्षं झाली. मागांची खटखट आता त्या कॅसेटवरच्या गाण्यांमागेच तेवढी ऐकू येते.