गिऱ्हाईक जेव्हा अर्जदार होते

मोटारगाडी विकण्याची कला आपल्याकडे रुजली ती जाहिरातीचे बोट धरूनच. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला, आणि पाठोपाठ, त्याच कंपनीच्या जाहिरातींचे काम सांभाळण्याकरिता, जे. वॉल्टर थॉम्प्सन ही मातब्बर अमेरिकन पेढी १९२९ मध्ये हिंदुस्थानात दाखल झाली. त्या जाहिरातींत चित्रकाराचा कुंचला सढळ असे, मजकूर लाघवी असे, आणि वाचणाऱ्याची मनधरणी करावी लागते ही जाणीव शब्दाशब्दांत असे.

ती जाणीव स्वातंत्र्यानंतर लोपली. तिच्या लोपाचे कारण मात्र जाहिरातकारांच्या प्रतिभेत न शोधता सरकारी दप्तरात शोधावे लागते. ज्यांना येथेच गाडी घडवावयाची नाही त्यांनी नुसते भाग जुळवू नयेत, असे धोरण १९५३ साली ठरले. फोर्ड व जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला, आणि मैदानात मुख्यतः उरल्या त्या कुर्ल्याची फियाट, उत्तरपाड्याची हिंदुस्थान व मद्रासची स्टँडर्ड. गाड्या थोड्या, मागणारे पुष्कळ. १९५९ साली वाटपावर व विक्रीवर नियंत्रणाचा हुकूम जारी झाला आणि गिऱ्हाइकाचा अर्जदार झाला. अर्जदाराची मनधरणी कोण करतो? त्याच सुमारास अमेरिकेत विक्रेत्यांच्या वाचाळपणाला आळा घालण्यासाठी १९५८ साली कायद्याने नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा कागद चिकटवावा लागला. तिकडे कलेचा अतिरेक झाला होता, इकडे तिला कामच उरले नव्हते.

विदर्भातील गोंदियाकडे पाहिले म्हणजे जाहिरातकलेचे हे दारिद्र्य अधिकच डोळ्यांत भरते. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात मोडणारा हा मुलूख धानाचा, तेंदूपत्त्याचा आणि विड्यांचा. १९५१ साली मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, संपुष्टात आली, दिमाखासाठी वाहन बाळगणारा जुना वर्ग खचला, आणि पुढे आला तो राइसमिलवाला व बिडी कारखानदार; त्याला गाडी मिरवायलाही हवी होती, परंतु त्याआधी ती देवरी-सालेकशाच्या जंगलातील मुरमाच्या वाटेने तेंदूपत्ता गोळा होणाऱ्या फळीपर्यंत पोचायला हवी होती. माझ्या पाहण्यात आलेल्या त्या काळच्या जाहिराती अशा माणसाशी बोलतच नाहीत. त्यांत तुळतुळीत डांबरी रस्ता आहे, दारात सुवेष कुटुंब आहे. पण पावसाळ्यात चाक रुतले तर काय, कमानपाटा तुटला तर तो मिळेल कोठे, याविषयी अवाक्षर नाही. महिंद्रांनी १९४७ पासून जुळवलेली जीप या वाटांना मानवली, ती चारही चाकांना मिळणाऱ्या जोराने. जाहिरातीची पुण्याई त्यात फारशी नसावी.

प्रतिभा म्हणाल तर ती लोकांपाशी होती. कंपनीने आपल्या फियाटला 'एलिगंट', 'सिलेक्ट' अशी खानदानी नावे दिली, आणि मराठी माणसाने तिचा गुबगुबीत देह एकवार न्याहाळून तिला 'डुक्कर फियाट' केले. पगारी लेखकाच्या शंभर ओळींत नसलेली चित्रमयता त्या दोन शब्दांत आहे, आणि गंमत अशी की त्यामुळे तिच्यासाठी लागलेल्या रांगेतून एकही मनुष्य हलला नाही. नंबर लागायला वर्षे जात, म्हणून वापरलेली गाडीसुद्धा नव्या गाडीहून अधिक दाम खाऊन जाई. आणि वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत, चित्राविना, विशेषणाविना, मेक, साल आणि 'डॉक्टरांच्या वापरातील' एवढ्या तीन गोष्टींवर तिचा सौदा उरकत असे.